कॅमेरा कुणाच्या संमतीने?

काशीच्या दूधविनायकात वायरलेस कॅमेरा बसवायचा म्हणजे आपल्या धंद्यातले सगळे प्रश्न एका गल्लीत भेटतात. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या पट्ट्यात मराठी कुटुंबे पेशवाईपासून नांदत आली आहेत. वाडे जुने, भिंती जाड, मधे चौक, वर माड्या आणि एकाच दिंडीदरवाजाच्या आत भावाभावांच्या वेगळ्या चुली. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात. घरात वयस्कर आई-वडील. अशा घराची ऑर्डर बहुधा फोनवर येते आणि ती देणारा त्या घरात राहत नसतो. या महिन्यात लिहायचे आहे ते याच गोष्टीवर.

आधी तांत्रिक बाजू. ‘वायरलेस’ म्हटले की गिऱ्हाइकाला वाटते, भिंतीला चिकटवला की झाले. प्रत्यक्षात तार वाचते ती चित्राची. विजेची तार लागतेच. बॅटरीवरचे मॉडेल घेतले तर ते हालचाल टिपून जागे होते आणि दिवसभर वर्दळ असलेल्या गल्लीत बॅटरी लवकर बसते. राउटर माडीवर आणि कॅमेरा दिंडीदरवाजावर असेल, तर मधल्या जुन्या विटांच्या भिंती सिग्नल गिळतात. तिथे 5 गिगाहर्ट्झचा हट्ट सोडून 2.4 वरच जोडावे. भोक पाडण्याआधी मोबाइल त्याच जागी धरून सिग्नल मोजावा. उणे 70 डीबीएमच्या खाली जात असेल, तर जागा बदलावी किंवा मधे अ‍ॅक्सेस पॉइंट द्यावा. खिडकीच्या काचेआड कॅमेरा ठेवू नये. रात्री इन्फ्रारेडचा उजेड काचेवरून परततो आणि पडद्यावर पांढरा डाग उरतो.

वायरलेसचा मोह इथे समजण्यासारखा आहे. जुन्या काशीतल्या डोक्यावरच्या विजेच्या तारा आयपीडीएस योजनेत जमिनीखाली गेल्या. त्याच गल्लीत आपण पुन्हा जाळे विणणे बरे नव्हे. शिवाय माकडे. घाटांवरच्या मोफत वाय-फायसाठी टाकलेली ऑप्टिकल फायबर माकडांनी कुरतडली, ही बातमी 2015 मध्ये जगभर छापून आली होती. तरीही आमचे मत स्पष्ट आहे: मुख्य दरवाजावरचा एक कॅमेरा तारेचाच असावा, तार पाइपातून न्यावी आणि रेकॉर्डर आत कुलपात ठेवावा. वाय-फायचा सिग्नल मुद्दाम दाबता येतो आणि मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असेल, तर चोर पुरावा खिशात घालून जातो. कार्डाचा हिशोबही गिऱ्हाइकाला तोंडी सांगावा. 1 एमबीपीएसच्या रेकॉर्डिंगला दिवसाला सुमारे 11 जीबी लागतात. 64 जीबीचे कार्ड जेमतेम साडेपाच दिवस पुरते, मग जुने पुसून नवे चढते. आठवड्याने गावाहून परतलेल्या माणसाला पहिल्या रात्रीचे काही सापडत नाही आणि तो आपल्याला बोल लावतो.

आता मुख्य मुद्दा. कॅमेरा बसवून होतो, अ‍ॅप मुलाच्या फोनवर चालू होते, आणि चौकात भाजी निवडणाऱ्या आजी विचारतात, “बाळा, यात आमचं बोलणंही तिकडे ऐकू जातं का रे?” आपला कारागीर घाईत ‘नाही हो आजी’ म्हणून मोकळा होतो. ते खोटे असते. घरगुती वाय-फाय कॅमेऱ्यांत सहसा मायक्रोफोन असतो आणि तो चालूच असतो. पैसे कुणी दिले, यापेक्षा कॅमेऱ्याखाली कोण राहणार हे महत्त्वाचे. त्यांना चित्र दाखवावे, आवाज बंद करून द्यावा आणि त्यांनी मागितला तरच चालू करावा. खोलीच्या आत, न्हाणीच्या वाटेवर, देवघरात कॅमेरा नको म्हणाले, तर तिथे तो नको.

सामाईक वाड्यात ही गोष्ट केवळ सौजन्याची उरलेली नाही. भावाने सामाईक घराच्या राहत्या भागात दुसऱ्या भावाच्या संमतीशिवाय लावलेले कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे पुट्टस्वामी खटल्यात 2017 मध्येच ठरले आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या घरगुती वापराला सूट दिली आहे. पण बिल लावून काम करणाऱ्या आपल्याला तिचा आडोसा मिळेल, असे समजून चालू नये. गल्लीत तर समोरच्याचा उंबरा आपल्या कॅमेऱ्यासमोरच येतो. प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग झाकणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरे, किल्ली कुणाकडे? ‘सर्व्हिसला सोपे’ म्हणून सगळ्या घरांना एकच पासवर्ड देणारे आणि गिऱ्हाइकाचे खाते स्वतःच्या फोनवर उघडणारे आपल्यातच आहेत. 2016 च्या मिराई हल्ल्यात कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी वेठीला धरले गेले. 9 एप्रिल 2025 पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या आवश्यक अटींची चाचणी सक्तीची आहे. तेव्हा स्वस्त, बिननावाचा माल उचलू नये. खाते घरच्या माणसाच्या नावाने उघडावे, टू-फॅक्टर चालू करावे आणि निघताना आपला प्रवेश काढून टाकावा.

तिसरे, पुरावा. आमदारकीच्या निवडणुकीवरून जालन्यात उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचाच होता. मूळ उपकरण हजर नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले. 1 जुलै 2024 पासून ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. मोबाइलने पडद्याचे चित्रण करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे म्हणजे पुरावा जपणे नव्हे. मूळ फाइल कशी काढायची, हे गिऱ्हाइकाला बसवतानाच शिकवा आणि कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावा.

आमची विनंती एवढीच: बिलाच्या मागे चार ओळी छापा. घरात राहणाऱ्यांची संमती घेतली. आवाज बंद ठेवला. शेजाऱ्याचा भाग झाकला. पासवर्ड मालकाच्या हाती दिला. त्याखाली पैसे देणाऱ्याबरोबर घरात राहणाऱ्याचीही सही घ्या. ती मिळत नसेल, तर ते काम घेऊ नका.