सेऊल नगरींतील परदेशी पंतोजी

आमच्या घरांतील मुलींस अलीकडे कोरिया देशाचें वेड लागलें आहे. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं त्या तिकडील नाटकमाला लावून बसतात. आणि त्यांतील माणसें काय जेवतात, कशीं बसतात, वडीलधाऱ्यांपुढें कितपत लवतात, ह्याची चर्चा दुसरे दिवशीं स्वयंपाकघरांत चालते. प्रथम आम्हीं तिकडे दुर्लक्षच केलें. परंतु गेल्या पंधरवड्यांत आमची एक नात पडद्यावरील एका दुकानाची पाटी खडखडीत वाचूं लागली. "हीं अक्षरें केव्हां शिकलीस ग?" असें विचारतां "आठ दिवस झाले, आजोबा," असें उत्तर मिळालें. आठ दिवसांत परकी लिपि! चाळीस वर्षें मुलांकडून 'रामः रामौ रामाः' घोकवून घेणाऱ्या मास्तराला हें पटेना. म्हणून त्या लिपीची चौकशी करूं लागलों, तों आमच्याच धंद्यांतील एका गृहस्थांची गांठ पडली.

त्यांचें नांव होमर हलबर्ट. अमेरिकेंतील व्हर्मांट प्रांतीं १८६३ सालीं त्यांचा जन्म. कोरियाच्या राजानें आपल्या राजधानींत, म्हणजे सेऊल येथें, १८८६ सालीं एक सरकारी इंग्रजी शाळा काढली व अमेरिकेहून तीन तरुण शिक्षक बोलाविले. त्यांत हे एक. वय अवघें तेवीस वर्षांचें.

त्या काळचें सेऊल हें तटबंदी शहर होतें. १३९६ सालीं प्रथम उभारलेला हा तट सुमारें अठरा किलोमीटर लांब असून डोंगरांच्या कण्यावरून चढत उतरत जातो. आजही त्याच्या मोठ्या भागावरून लोक हौसेनें फिरावयास जातात. शहराच्या मध्यावर घंटाघर आहे. रात्रीं ह्या घंटेचे अठ्ठावीस ठोके पडले कीं वेशी बंद होत, आणि पहांटे तेहतीस ठोके पडले कीं त्या उघडत. हे आंकडे वाचून आम्ही चमकलोंच. अठ्ठावीस तीं नक्षत्रें. आमच्याकडे अभिजित् धरून तितकींच भरतात. आणि तेहतीस म्हणजे इंद्राचा त्रयस्त्रिंश स्वर्ग, जो बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गें तेथवर पोंचला. आमचे तेहतीस देव असे कोरियाच्या राजधानीचे दरवाजे रोज उघडीत होते, ह्याची आम्हांस आजवर वार्ताही नव्हती! ही चाल १८९५ त बंद पडली. तथापि नववर्षाच्या मध्यरात्रीं तेहतीस ठोके अद्यापि देतात. रात्रींच्या ठोक्यांनंतर पुरुषांनीं घरांत बसावें व स्त्रियांनीं कंदील घेऊन बाहेर पडावें, असाही तेथें रिवाज होता. हा भाग आमच्या मंडळींनीं आम्हांस दोनदां वाचावयास लाविला.

घरें बैठीं. जमिनीखालीं दगडी नळ काढलेले असत व स्वयंपाकाच्या चुलीचा धूर आणि ऊब त्यांतून फिरून मग बाहेर जाई. वर तेल दिलेला जाड कागद. त्यावरच बसणें, जेवणें, निजणें. हिवाळ्याच्या तोंडाशीं घरोघर बायका एकत्र जमून कोबी व मुळे मीठमिरची लावून मुरवीत. आपल्याकडील उन्हाळी पापड-कुरडयांच्या दिवसांची वाचकभगिनींस आठवण होईल. आजही ही रीत आहे, व २०१३ सालीं युनेस्कोनें तिला मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें आहे.

पण शाळेचें काय झालें? विद्यार्थी कांहीं अधिकारपदावरील तरुण, कांहीं उमरावांचे चिरंजीव. इंग्रजी आलें कीं दरबारांत जागा मिळेल, एवढाच बहुतेकांचा हेतु. उत्साह ओसरला, आणि १८९४ त शाळा बंद पडली. असे वर्ग आम्हींही पाहिले आहेत.

शिकविण्यापेक्षां शिकण्यांतच हलबर्टांचा जीव अधिक रमला असें दिसतें. कोरियाची लिपि ते चार दिवसांत शिकले असें सांगतात. म्हणजे आमच्या नातीनें कांहीं फार मोठा पराक्रम केला नाहीं. सेजोंग राजानें ही लिपि १४४६ सालीं प्रसिद्ध केली. 'न'च्या अक्षरांत जिव्हाग्र वर टेकलेलें, 'म'च्या अक्षरांत मिटलेलें मुख, 'स'च्या अक्षरांत दांत. स्थान आणि प्रयत्न पाहून वर्ण लावण्याचें आमच्या शिक्षाकारांचें तत्त्व येथें डोळ्यांना दिसेल असें रेखाटलें आहे. गंमत अशी कीं, हा खुलासा करणारा मूळ ग्रंथ १९४० सालींच हातीं आला.

परंतु तेथील विद्वान् ह्या लिपीस बायकामुलांची म्हणून नाक मुरडीत आणि सर्व गंभीर लेखन चिनी अक्षरांत करीत. तेव्हां ह्या परक्या मास्तरानें १८९० च्या सुमारास जगाच्या भूगोलाचें एक क्रमिक पुस्तक केवळ त्या हलक्या मानलेल्या लिपींत लिहिलें. सरदार व सामान्य ह्या दोघांसही अवश्य तें ज्ञान, असा त्याच्या नांवाचा अर्थ. विद्वानांसाठीं पुढें १८९५ त त्याचें चिनी भाषांतर करावें लागलें!

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवते. वर्गांतील एका मुलानें संधिनियमांचें सोप्या मराठींत टिपण करून इतरांस वाटलें होतें. विद्येला पळवाट नको, असें म्हणून आम्हीं तें जप्त केलें. तें अजून आमच्या कपाटांत आहे. परवां काढून पाहिलें. त्यांत चूक एकही नाहीं.

हलबर्टांची दृष्टि सर्वत्र फिरे. 'आरिरांग' हें लोकगीत १८९६ सालीं त्यांनींच प्रथम पाश्चात्य स्वरलिपींत उतरवून घेतलें. अन्नांत जें भाताचें स्थान तें गाण्यांत ह्या गीताचें, असा त्यांचा अभिप्राय. कोरियन व आमच्या दक्षिणेकडील द्राविडी भाषा ह्यांच्या व्याकरणांची तुलना करणारें पुस्तकही त्यांनीं १९०५ त छापिलें. तो तर्क आजचे भाषाशास्त्री मानीत नाहींत. पण सेऊलमध्यें बसून तमिळ-तेलुगूचे प्रत्यय जुळविणाऱ्या माणसाविषयीं आम्हांस जिव्हाळाच वाटतो.

पुढील दिवस वाईट आले. १८९५ च्या ऑक्टोबरांत राणीची राजवाड्यांतच हत्या झाली; त्या भयग्रस्त रात्रींत राजाजवळ पहारा करणाऱ्या मोजक्या परकीयांत हलबर्ट होते. १९०५ सालीं राजाचें पत्र घेऊन ते वॉशिंग्टनला गेले. तेथें कोणीं दाद घेतली नाहीं. १९०७ त एका जपानी मंत्र्यानें दहा मजल्यांचा एक प्राचीन संगमरवरी स्तूप उखडून जपानांत नेला, तेव्हां हलबर्टांनीं ती चोरी वर्तमानपत्रांतून जगापुढें मांडली. १९१८ त स्तूप परत आला. आज तो सेऊलच्या राष्ट्रीय संग्रहालयांत पाहावयास मिळतो.

त्यांस स्वतःस मात्र देश सोडावा लागला. कोरिया स्वतंत्र झाल्यावर १९४९ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं त्यांस सन्मानानें बोलाविलें. शहाऐंशी वर्षांचा हा वृद्ध जुलैअखेर सेऊलास पोंचला आणि आठवड्याभरांत, ५ ऑगस्ट रोजीं, तेथेंच वारला. आपणांस इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या मंदिरापेक्षां ह्या मातींत पुरावें, अशी त्यांची इच्छा होती. हान नदीकांठच्या परदेशीयांच्या दफनभूमींत त्यांची समाधि आहे. दगडावर राष्ट्राध्यक्षांच्या हस्ताक्षरासाठीं राखलेली जागा पन्नास वर्षें कोरीच राहिली. १९९९ सालीं तीवर अक्षरें कोरलीं गेलीं: 'हलबर्ट पंडितांची समाधि'. आमच्या नातीनें त्या दगडाचें चित्र पाहून तीं आम्हांस वाचून दाखविलीं.