संमती कोणाची, सही कोणाची?

गर्भपाताच्या कायद्यात आपला देश पुष्कळ पुढारलेल्या राष्ट्रांच्याही पुढे आहे, असे अभिमानाने सांगण्याचा प्रघात सुशिक्षित वर्गात पडला आहे. १९७१ चा कायदा व त्यात २०२१ साली झालेली दुरुस्ती यांचा दाखला देऊन ही मंडळी विचारतात की, आता स्त्रियांस आणखी काय हवे? प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळच देऊ. त्यांस स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय हवा आहे, आणि तो या कायद्याने अद्याप दिलेला नाही.

हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून कायदाच पाहू. १८६० च्या दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरविला, व स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीसही गुन्हेगारांत बसविले. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पण ते कलम ८८ हा नवा क्रमांक धारण करून सुखाने नांदत आहे. १९७१ च्या कायद्याने गुन्हा रद्द केला नाही. अटी पाळणाऱ्या डॉक्टरास त्यातून सूट दिली, इतकेच. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचे अनुकूल मत हवे. तेथून चोवीस आठवड्यांपर्यंत, नियमांत सांगितलेल्या स्त्रियांपुरते, दोघांचे. स्त्रीची संमती आवश्यक आहे खरी, पण ती पुरेशी नाही. तिच्या नकाराला किंमत आहे; तिच्या इच्छेला मात्र केवळ अर्जाची प्रतिष्ठा! संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरले, तर तिच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा पोचल्याचे कायदा गृहीत धरतो. म्हणजे शांत चित्ताने विचार करून ‘मूल नको’ म्हणणाऱ्या स्त्रीसही आपला निर्णय मनाच्या दुखापतीच्या रूपाने मांडावा लागतो.

असे का झाले? चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरत होत्या, हे शांतिलाल शहा समितीने ओळखले होते व त्याचे श्रेय तिला द्यावयास हवे. परंतु त्या काळी सरकारच्या डोळ्यांपुढे लोकसंख्येचा आकडाही होता. साधन निष्फळ ठरण्याची सवलत १९७१ साली विवाहितेलाच, आणि तीही मुलांची संख्या मर्यादित राखण्यासाठी, मिळाली होती. ‘विवाहित’ हा शब्द गळावयास २०२१ साल उजाडावे लागले. याच काळात, १९७६ साली, आमच्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळेच ते कायदा होऊ शकले नाही. मुले कमी हवीत म्हणून सक्ती करावयास निघणारे सरकार आणि गर्भपातास परवाना देणारे सरकार ही एकाच वृत्तीची दोन रूपे होत. दोहोंतही शेवटचा शब्द स्त्रीचा नाही.

कायद्यातील ही उणीव व्यवहारात अधिकच वाढते. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास पतीची सही लागते, असे या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. तरीही कित्येक दवाखान्यांत ती मागितली जाते, आणि सुशिक्षित कुटुंबेही ती निमूटपणे आणून देतात. पंचवीस वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीस दिल्ली उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात त्या न्यायालयाने विवाहित व अविवाहित हा भेद घटनाविरोधी ठरविला, आणि घरच्यांची संमती मागण्यासारख्या कायद्याबाहेरील अटींचाही निषेध केला. पण निकाल दिल्लीत लागतो आणि सही गावच्या दवाखान्यात मागितली जाते! ती मिळविण्यात जे आठवडे जातात, त्यांचा हिशेब गर्भवतीच्याच नावावर पडतो.

आक्षेपक म्हणतील, स्त्रीच्या इच्छेस मोकळीक दिली की मुलींचे गर्भ पाडले जातील. ही भीती खोटी नाही. परंतु लिंगनिदान हा १९९४ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. निदान करणाऱ्यास धरता येत नाही म्हणून प्रत्येक गर्भवतीस संशयित मानणे, हा कोणता न्याय? दुसरा आक्षेप वैद्यकीय सुरक्षिततेचा. त्यात दोन प्रश्नांची गल्लत आहे. उपचार सुरक्षित कसा होईल, हे डॉक्टराने ठरवावे. त्याविषयी आमचा वाद नाही. मूल हवे की नको, हा मात्र वैद्यकशास्त्राचा प्रश्नच नव्हे. तिसरा आक्षेप नीती ढासळण्याचा. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हाही हीच ओरड झाली, व १९२५ साली त्यांस प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. आज त्याच संततिनियमनाचा प्रचार सरकार करते, आणि नीती होती तेथेच आहे.

आमची मागणी माफक आहे. पहिल्या बारा आठवड्यांत स्त्रीची इच्छा हेच पुरेसे कारण मानावे, आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीस गुन्हेगार ठरविणारे शब्द संहितेतून काढून टाकावेत. शेजारच्या नेपाळने बारा आठवड्यांची ही मुभा २००२ सालीच दिली व २०१८ च्या कायद्याने ती दृढ केली. तेथे आकाश कोसळल्याचे आम्ही ऐकलेले नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलो. तोवर आपल्या मुलीसुनांकरिता कोणी कायद्यात नसलेली सही मागू लागला, तर ती कोणत्या कलमाखाली मागता, एवढे विचारण्याचे धैर्य तरी आपण दाखवू या.