मे महिन्यात दगड बघायला

मे महिना लागला की आमच्या जोगेश्वरीच्या वस्तीत मुलांचे दोन गट पडतात. एक गावाला जाणारा, दुसरा न जाणारा. खेड, चिपळूण, राजापूरकडची कोकणी मुसलमान कुटुंबं परीक्षा संपल्याबरोबर गाडी पकडतात. त्यांची मुलं जूनमध्ये परत येतात ती काळवंडून, आंबे-फणस खाऊन, गुडघे फोडून घेऊन. आमच्यासारख्यांना मात्र गाव नाही. माझे अब्बा बार्शीकडून कामाला मुंबईत आले, तिकडचं घर वाटणीत गेलं, आणि आता बार्शीला गेलं तर पाहुणे म्हणून जावं लागतं. पाहुण्यांनी महिनाभर राहायचं नसतं. त्यामुळे आमची मुलं मे महिना दहा बाय बाराच्या खोलीत, पंख्याखाली, मोबाइल हातात घेऊन काढतात.

दोन वर्षांपूर्वी शारजात नोकरीला असलेल्या माझ्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. लाल वाळूच्या टेकड्या, त्यावरून घसरणारी त्याची मुलं. पुढच्या सुट्टीत ते सगळे सौदीतल्या अल-उलाला गेले. तिथल्या लाल डोंगरात कोरलेल्या उंच दरवाजांसमोर सगळं कुटुंब उभं. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "अम्मी, आपल्याकडे असं काहीच नाही का?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, पैसे जमले की जाऊ. ती गप्प बसली. रात्री मला माझीच लाज वाटली. कारण प्रश्न "आपण तिकडे कधी जायचं" हा नव्हताच. "आपल्याकडे काय आहे" हा होता, आणि त्याचं उत्तर आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर उभं होतं.

अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजच्या जवळ, गिल्बर्ट हिल आहे. साधारण ६१ मीटर उंच, सरळसोट उभा काळा कातळ. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. तो थंड होताना आकसला, आकसताना तडकला, आणि त्या तडकण्यातून पाच-सहा बाजूंचे उभे खांब तयार झाले. खांबांच्या मोळ्या एकमेकींना टेकवून ठेवाव्यात तसा तो दिसतो. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाचा असाच, पण बराच मोठा कातळ आहे. तो बघायला जगभरातून लोक येतात. आपल्या कातळाला २००७ साली महापालिकेने वारसा दर्जा दिला, तोही भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर. तोवर आजूबाजूचा दगड फोडून नेला गेला होता आणि पायथ्याला घरं अगदी टेकली होती.

सकाळी जायचं ठरवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिथं देवीचं मंदिर आहे. आपलं काय काम तिथं?"

लेख खरं तर या वाक्यासाठी लिहितेय. असं बोलणाऱ्या त्या एकट्या नाहीत. कान्हेरी म्हटलं की "ती बौद्धांची", जोगेश्वरीची गुंफा म्हटलं की "ते महादेवाचं", मंडपेश्वर म्हटलं की "तिथं चर्च होतं ना". मग आपल्यासाठी उरतं काय? मॉल, चौपाटी आणि हाजी अली. उपनगरात जन्मून, इथल्या शाळेत शिकून, इथेच म्हातारं होऊन माणसाने आपल्या गावाचा एवढाच नकाशा बाळगावा, याचं मला वाईट वाटतं.

सासूबाईंचा संकोच हवेतून आलेला नाही, हेही सांगते. त्या दिवशी पायऱ्यांवर एका गृहस्थांनी माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघून विचारलं, "इकडे कुठे?" मी म्हटलं, "मुलांना दगड दाखवायला." ते थोडा वेळ बघत राहिले आणि बाजूला झाले. कोणी अडवलं नाही. पण "इकडे कुठे" हे शब्द मुलांनी ऐकले होते. माझ्या मुलाने वर पोचल्यावर हळूच विचारलं, "आपण यायचं नसतं का इथे?" मी त्याला सांगितलं, देवळात लोक पूजा करतात, तिथे आपण अदबीने वागायचं. पण हा कातळ देवळाच्याही आधीचा आहे, मशिदीच्याही आधीचा आहे, माणसाच्याही आधीचा आहे. तो बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

वरून त्याने आमची गल्ली शोधली. सापडली नाही, पण शोधण्यात अर्धा तास गेला.

पुढच्या रविवारी कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. तिथे शंभरावर लेणी आहेत, पहिली ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेली आणि मग जवळजवळ हजार वर्षं काम चाललेलं. भावाने पाहिलेल्या हिज्रमध्येही नबाती लोकांची शंभरावर कोरीव थडगी आहेत. २००८ साली सौदीचं पहिलं जागतिक वारसास्थळ म्हणून ते जाहीर झालं. ज्या हिज्रचं नाव कुरआनात आहे आणि जिथे रेंगाळू नये असं मानणारेही आपल्यात आहेत, तिथे आपण विमानाने जाऊन फोटो काढतो. आणि बोरिवलीला जायला मात्र आपल्याला संकोच वाटतो. या विसंगतीवर आपण घरात एकदा बोलायला हवं.

कान्हेरीत मुलांना मूर्तींइतकंच पाण्याने वेड लावलं. प्रत्येक लेण्याबाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी, म्हणजे पोढी. डोंगरावर पडलेला पाऊस बारीक पन्हळींतून त्यात आणलेला. मी मुलांना काम दिलं: एक पन्हळ धरा आणि तिचं पाणी कुठे जाईल ते शोधा. दोघं तासभर ओणवी होऊन फिरत होती. आमच्याकडे नळाला सकाळी थोडाच वेळ पाणी येतं. मुलगी म्हणाली, "यांच्याकडे टँकर येत नव्हता वाटतं."

भिंतींवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. राजेच नव्हेत, कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, लोहारसुद्धा. आणि ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी लोक हे ठिकाण बघायला आले होते आणि आपण येऊन गेल्याची नोंद करून गेले. एक हजार वर्षांपूर्वी परधर्माची माणसं इथे सहलीला आली होती! सासूबाईंना घरी येऊन हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना कोणी विचारलं नाही, इकडे कुठे म्हणून?" मला उत्तर सुचलं नाही.

आता थोडं उपयोगाचं. मे महिन्यात काळा दगड दहानंतर तव्यासारखा तापतो, म्हणून सकाळी लवकर निघा आणि अकराच्या आत सावलीत या. उद्यान सोमवारी बंद असतं. प्रत्येक मुलाला पाण्याची वेगळी बाटली द्या. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं हातातून ओढून नेतात. कातळाचा तुकडा घरी आणू नका, भिंतीवर नाव कोरू नका. त्यापेक्षा वही-पेन्सिल द्या आणि चित्र काढायला सांगा. चौघांचा दिवसाचा खर्च मॉलमधल्या एका जेवणापेक्षा कमी होतो. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी लहान मुलांना झेपतात. एकोणीसच आहेत, आणि नवव्या लेण्यात गोल झोपडीसारखा स्तूपाचा कक्ष आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वरला शैव लेणी, वर पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष आणि लेण्यातच कोरलेला क्रूस, हे सगळं एकाच कातळात दिसतं. कोण आलं, कोण गेलं, हे मुलांना तिथे वेगळं शिकवावं लागत नाही.

गावाला जाणाऱ्या कोकणी बांधवांसाठीही एक गोष्ट. तुमच्या सड्यावरचा तांबडा जांभा आणि आमचा काळा कातळ हे नात्यातले आहेत. तोच जुना कातळ लाखो वर्षं उन्हात तापत, पावसात भिजत राहिला, त्यातलं बरंच काही धुऊन गेलं आणि मागे राहिलेलं लोह गंजून लाल झालं. त्याच जांभ्यावर बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथे आदिमानवाने हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. कशेळीचा हत्ती तर अठरा मीटरचा आहे. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. गावी गेल्यावर मुलांना एक दिवस तिकडेही न्या.

मागणं महापालिकेकडेही आहे. गिल्बर्ट हिलखाली राहणाऱ्यांचा उल्लेख नेहमी अतिक्रमण करणारे म्हणून होतो. त्यांच्यात आपलेही पुष्कळ आहेत. पण त्यांच्या मुलांना, तुम्ही जगातल्या एका दुर्मीळ दगडाच्या पायथ्याशी राहता, असं कोणी सांगितलंय का? पायथ्याला एक मराठी-उर्दू फलक, थोडी सावली, पिण्याचं पाणी, आणि जवळच्या पालिका शाळांची वर्षातून एक सहल, एवढ्याने तो दगड राखणारी माणसं तयार होतील. ज्या वस्तूवर आपला हक्क नाही असं वाटतं, तिची काळजी कोण घेतं?

हक्क मात्र आपणहूनही बजावावा लागतो. "इकडे कुठे" असं विचारणारे असतील. आपण गेलोच नाही तर त्यांचा प्रश्न आपणच खरा करतो. चार कुटुंबं मिळून गेली, डबा घेऊन, मुलांच्या गोंगाटासह गेली, तर पाचव्या वेळी कोणी विचारणार नाही.

या मेमध्ये आम्ही मंडपेश्वरला पुन्हा जाणार आहोत. सासूबाई गुडघ्याचं कारण सांगत होत्या. मी सांगितलं की तिथे चढ नाही, रस्त्याला लागूनच आहे. परवा त्यांनी विचारलं, "डब्यात काय न्यायचं?"