काउंटरपलीकडचा माणूस

माझी भाची दोन वर्षांचा डी. फार्म. करून औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. तीन महिन्यांनी ईदला घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "खाला, दिवसभर उभं राहायचं, चिठ्ठी वाचायची, गोळ्या द्यायच्या, सुट्ट्या पैशांवरून बोलणी खायची. याच्यासाठी शिकले का मी?"

मी विचारलं, "गोळ्या देतेस, पण त्या कशा घ्यायच्या ते सांगतेस का?"

"एवढा वेळ कुठे असतो?" ती म्हणाली. मीही विषय वाढवला नाही.

पुढे एकदा दुकानात एक म्हातारी आली. तिला वाचता येत नव्हतं. भाचीने पाकिटांवर पेनाने चित्रं काढून दिली. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र. आठ दिवसांनी म्हातारी परत आली. काही घ्यायचं नव्हतं, रिकामी पाकिटं दाखवायला आली होती. "बेटी, एकही चुकवली नाही," एवढंच सांगून गेली.

त्या रात्री भाचीने मला मुद्दाम फोन केला.

आता ती प्रत्येकाला दोन शब्द सांगते. रक्तवाढीची गोळी चहासोबत घेऊ नका. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घ्या. अँटिबायोटिक बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका. रमजान जवळ आला की मधुमेहाच्या रुग्णांना बजावते, "सहरी-इफ्तारच्या हिशेबाने डोस मनाने बदलू नका, आधी डॉक्टरांना विचारा."

तिचे पाय आजही दुखतात. गिऱ्हाईक आजही चिडतं. पण काम ओझं वाटत नाही, कारण समोर आता नुसती चिठ्ठी नसते, माणूस असतो.

हसतमुखाने भेटणं हाही सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ओढूनताणून आणलेलं हसू संध्याकाळपर्यंत टिकत नाही. समोरच्याची गरज ओळखून ती भागवली, की हसू आपोआप येतं.

आपली मुलं-मुली दुकानात, बँकेत, दवाखान्यात काउंटरवर बसतात. ती घरी आली की "पगार कधी वाढणार?" हे रोजच विचारतो. एखाद्या दिवशी "आज कोणाचं काम सोपं केलंस?" असंही विचारून पाहा. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून उभे असू, तेव्हा पलीकडच्या माणसाला आधी सलाम-नमस्कार करू. तोही सकाळपासून उभाच असतो.