शिबिरातून सुटणारा काचबिंदू

गावातल्या नेत्रशिबिराचं चित्र ठरलेलं. शाळेच्या वर्गात भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर खुर्ची, एका डोळ्यावर तळहात. टॉर्चच्या उजेडात बाहुलीत पांढुरकं काही दिसलं की नाव शस्त्रक्रियेच्या यादीत. खालच्या ओळी वाचता आल्या की ‘चांगलं आहे आजी, जा घरी.’ मोतीबिंदूसाठी ही पद्धत चोख आहे. काचबिंदू मात्र याच खुर्चीवरून उठून निवांत घरी जातो.

कारण त्यात समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं. बहुतेकांच्या डोळ्यातल्या पाण्याचा निचरा नीट होत नाही, दाब वाढतो, मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते आणि आधी कडेची नजर जाते. सहसा दुखत नाही, डोळा लाल होत नाही. बांधावरून चालताना ठेच लागते, बाजूची मोटारसायकल एकदम पुढ्यात येते; माणूस वयाला बोल लावतो. ‘मोतीबिंदू आहे, पिकला की काढू’ म्हणत वर्ष निघून जातं. मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेनं मिळते, सुकलेली नस कशानंच नाही.

तमिळनाडूतल्या खेड्यांत अरविंद नेत्र रुग्णालयानं चाळिशीपुढच्या 5150 जणांना तपासलं, तेव्हा 2.6 टक्के लोकांना काचबिंदू निघाला. चेन्नईजवळच्या खेड्यांतल्या पाहणीत तर काचबिंदूच्या सर्वांत सर्रास प्रकारच्या 98 टक्क्यांहून अधिक रुग्णांचं निदान आधी झालेलंच नव्हतं.

‘गावकरी तपासणीला येत नाहीत’ ही सबब चालणार नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं 2006 ते 2008 मध्ये कोहळी परिसरात पाहणी केली. तिशी ओलांडलेल्या 5885 जणांपैकी 4711 जण आले. दाब मोजला गेला, नसेचे फोटोही काढले गेले. दोन्ही लागतातच, कारण दाब ठीक असूनही नस खराब झालेली काही माणसं असतात.

निदानानंतरचं दुखणं वेगळंच. थेंब रोज टाकायचे, जन्मभर. त्यानं नजर सुधारत नाही, फक्त आहे ती टिकते. ‘टाकून काही फरक नाही’ म्हणून बाटली फडताळात जाते. लॅटॅनोप्रोस्ट या काचबिंदूच्या थेंबांची न उघडलेली बाटली बहुधा फ्रिजमध्ये ठेवायची असते. विदर्भातल्या मे महिन्यात, फ्रिज नसलेल्या घरात, ती कुठे ठेवायची हे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. थरथरत्या हातानं टाकलेले निम्मे थेंब गालावर जातात आणि महिन्याची बाटली पंधरा दिवसांत संपते. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा, एवढं आशाताईंनी घरी जाऊन दाखवलं तरी पुष्कळ औषध वाचेल.

मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब हाही एक घातक प्रकार. डोळा लाल झाला की टाकले, बरं वाटलं, म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवले. त्यानंही दाब चढतो.

मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह असतो. तेव्हा गावोगाव फलक लागतील. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी फलकाआधी दाब मोजायच्या यंत्राची आणि नस पाहणाऱ्या डॉक्टरची सोय करावी. आणि घरात एकाला काचबिंदू निघाला असेल, तर त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मोठ्या मुलांना याच महिन्यात तपासणीला न्यावं.