सिम बदलल्याने अपडेट येत नाही

फोनचे अपडेट सिमकंपनी पाठवते. तेव्हा ते येत नसेल तर सिम बदला. सिम बदलूनही आले नाही, तर फोन दुसऱ्या राज्यात घेतलेला असणार. आणि एवढे करूनही काही जमले नाही, तर फोन जुना झाला, नवा घ्या. मोबाइलच्या दुकानांत आणि घरोघरी ही तीन मते इतक्या ठामपणे सांगितली जातात की ऐकणाऱ्याला शंका घेण्याचीही चोरी वाटावी. पहिल्या दोन मतांत सत्याचा एखादा कण तरी सापडतो. तिसरे बहुतेक वेळा निराधार असते, आणि सामान्य माणसाचे सर्वांत जास्त पैसे त्याच्याच पायी जातात.

हा गोंधळ नीट पाहायचा तर तामिळनाडूतल्या कुंभकोणमसारखे दुसरे गाव नाही. मराठी वाचकाला ते परके नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राजधानीपासून चाळीसेक किलोमीटरवर कावेरीकाठी ते वसले आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी सांभाळणारे सर टी. माधवराव १८२८ साली इथलेच जन्मले. गावात दबीर स्ट्रीट हे नाव आजही चालते. घरात तंजावरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तामिळ बोलणारी कुटुंबे या टापूत अजून आहेत, आणि त्यांची मुले पुणे, बंगळूर, अमेरिका अशी विखुरली आहेत. त्यामुळे एकाच घरात मुलाने पुण्याहून पाठवलेला फोन, मुलीने अमेरिकेहून आणलेला फोन आणि गावातल्या दुकानातून घेतलेला फोन असे तिन्ही नांदतात. एकाला अपडेट येते, दुसऱ्याला येत नाही. मग ज्याला जे सुचेल ते कारण होते.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर आधी त्याचा इतिहास पाहावा लागतो. लोकांनी हा समज हवेतून काढलेला नाही. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत सीडीएमए फोन हाती दिला, तो दुसऱ्या कंपनीवर चालतच नसे. २००८ साली आयफोन ३जी भारतात आला तो एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत. २०१७ चा जिओफोन जिओच्याच सिमला बांधलेला होता. फोन आणि सेवा ही एकच वस्तू आहे, हे ज्या पिढीने स्वतः पैसे मोजून अनुभवले, तिने अपडेटही सिमबरोबर येते असे मानले तर तिला हसण्याचे कारण नाही. अमेरिकेत तर ही रीत अजून जिवंत आहे. तिथे सेवाकंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला अँड्रॉइड फोन बहुधा त्या कंपनीला कुलूपबंद असतो, आणि त्यातल्या सॉफ्टवेअरला त्या कंपनीची मंजुरी लागते. एकाच नावाच्या सॅमसंग फोनचा मॉडेल क्रमांक तिथे ‘यू’ने संपतो, तर भारतात बहुधा ‘बी’ किंवा ‘ई’ने. मुलीने तिकडून आणलेला फोन कुंभकोणममध्ये वेगळा वागतो, तो यामुळे. पण त्या एका फोनवरून भारतात विकल्या गेलेल्या बाकीच्या सगळ्या फोनांविषयी निष्कर्ष काढणे ही चूक आहे.

भारतात बहुतेक स्मार्टफोन खुले विकले जातात. त्यांचे अपडेट फोन बनवणारी कंपनी तयार करते, तिच्याच सर्व्हरवरून ते उतरते, आणि सिमकंपनीचे काम फक्त डेटा वाहून आणण्याचे. घरच्या वायफायवर घेतले तर तेही नाही. मग दोन सारख्या फोनांत फरक का पडतो? कारण कंपन्या अपडेट सर्वांना एकदम सोडत नाहीत. आधी थोड्या फोनांना देतात, बिघाड दिसला नाही की पुढच्यांना. आज एकाच्या फोनवर येते, शेजाऱ्याच्या फोनवर आठवड्याने. त्या आठवड्यात शेजाऱ्याने सिम बदलले असेल, तर श्रेय सिमला जाते. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढाच त्या दोन गोष्टींचा संबंध.

आता सत्याचा कण. सिममधल्या ओळखक्रमांकाचे पहिले आकडे देश आणि सेवाकंपनी सांगतात. भारताचे देशांक ४०४ आणि ४०५. ते वाचून फोन त्या कंपनीपुरत्या जुळण्या उचलतो. ४जीवरून आवाजाचा कॉल कसा लावायचा, वायफायवरून कॉल करू द्यायचा की नाही, ५जीच्या कोणत्या लहरी वापरायच्या, हे त्यात असते. आयफोनवर या जुळण्यांचा छोटा संच कधी कधी मुख्य अपडेटपासून वेगळाही येतो. म्हणजे सेवाकंपनीनिहाय काहीतरी असते, ही गोष्ट खरी. पण ते फोनकंपनीच तुमच्या फोनमध्ये घालते. त्यासाठी तिला सेवाकंपनीबरोबर चाचणी करावी लागते, आणि उशीर होतो तो इथे.

राज्याचे मत याहून लवकर निकालात निघते. परवान्यासाठी देशाचे २२ सेवाक्षेत्रांत तुकडे पाडले आहेत, मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र-गोवा ही त्यांतली दोन. आणि एकाच कंपनीचे सांकेतिक आकडेही क्षेत्रागणिक वेगळे असतात. पण फोनकंपनीच्या लेखी सारा भारत ही एकच बाजारपेठ आहे. पुण्यात घेतलेला फोन कावेरीकाठी नेला म्हणून त्याचे अपडेट अडत नाही. गावात ५जीचा मनोराच आला नसेल, तर तो प्रश्न निराळा.

या साऱ्याची कसोटी लागली २०२२ मध्ये. १ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी ५जीचे उद्घाटन केले. एअरटेलने आठ शहरांत सेवा सुरू केली, त्यांत चेन्नई होते, मुंबई आणि नागपूर होते. कुंभकोणम अर्थातच नव्हते. आणि लाखो ग्राहकांना कळले की आपण ‘५जी’ म्हणून विकत घेतलेल्या फोनला ५जी लागत नाही. आयफोन १२ ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाला, त्यात ५जीचे यंत्र होते. भारतात ते सर्वांसाठी जागे झाले १३ डिसेंबर २०२२ रोजी, आयओएस १६.२ आल्यावर. मधल्या काळात सरकारी अधिकाऱ्यांना फोनकंपन्या आणि सेवाकंपन्या यांना बैठकीस बोलवावे लागले. गोंधळात भर म्हणजे जिओने ५जी स्वतंत्र पायावर उभारले, एअरटेलने ४जीच्या आधारावर. एकाच फोनला एका सिमवर ५जी मिळे, दुसऱ्यावर नाही. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले त्यांना ‘सिमच अपडेट देते’ हे पटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात एका रचनेची जुळणी त्यांच्या फोनात आली होती आणि दुसरीची यायची होती.

फोनकंपन्यांचा युक्तिवाद असा की प्रत्येक जाळ्यावर चाचणी केल्याविना सोय उघडली तर कॉल तुटतील, बॅटरी संपेल, आणि शिव्या आम्हालाच बसतील. हा युक्तिवाद मला अर्धा मान्य आहे. सुरू न झालेल्या जाळ्यावर पक्की चाचणी होत नाही. पण सरकारने ५जी चाचण्यांना परवानगी दिली होती मे २०२१ मध्ये, आणि लिलाव आटोपला १ ऑगस्ट २०२२ रोजी. आणि चाचणीला वेळ लागणार होता, तर विक्रीच्या वेळी तसे सांगायला कोणी अडवले होते? खोक्यावर ‘५जी’ ठळक छापायचे आणि ‘भारतातल्या कोणत्याही जाळ्यावर अजून नाही’ हे गाळायचे, याला चाचणीची अडचण म्हणत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूच्या गुणवत्तेची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. इथे त्या हक्काला सरळ बगल दिली गेली.

तिसऱ्या मताची झळ मात्र वृद्धांना बसते. जुन्या अग्रहारातली जाड भिंतींची घरे, आत सिग्नल पोचत नाही, कॉल घ्यायला आजीला ओसरीवर यावे लागते. घरात वायफाय आहे. सेवाकंपनी वायफायवरून कॉलची सोय देते. फोनचे यंत्रही त्यास समर्थ आहे. फक्त त्या फोनवर त्या सिमसाठी ती जुळणी उघडलेली नाही. याला दुकानातले उत्तर ठरलेले: ‘पाटी (म्हणजे आजी), फोन जुना झाला.’ पंधरा-वीस हजार रुपये जातात, आणि गमावले जाते ते एका न उघडलेल्या सोयीपायी. हे मला सहन होत नाही. कारण सांगणारा कोणी असता, तर तो पैसा वाचला असता.

मग असायला काय हवे? पहिली गोष्ट, सुरक्षेचे अपडेट आणि जाळ्याच्या सोयी यांची गाठ सोडवली पाहिजे. हे अशक्य नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सुरक्षेचे काही भाग थेट गुगल प्लेमार्फत येतात. त्यांना सेवाकंपनीची वाट पाहावी लागत नाही. ही व्याप्ती वाढली पाहिजे. ती का, हे कुंभकोणममध्येच दिसते. तिथला महामहम हा तळ्यातल्या स्नानाचा सोहळा गुरु सिंह राशीत असताना होतो, आपल्या नाशिकच्या सिंहस्थासारखाच. मागचा २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाला, तेव्हा यूपीआय सुरूही झाले नव्हते. पुढचा २०२८ मध्ये येईल, आणि तळ्याकाठच्या फुलवाल्याचा गल्ला तोवर फोनातच असेल. त्या फोनचे सुरक्षा अपडेट थांबले असेल, तर त्याला ते कळणार कसे?

म्हणून दुसरी गोष्ट, छापील तारीख. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनांना विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेटची सोय ठेवण्याचा नियम लावला. गुगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षांचे वचन स्वतःहून दिले; म्हणजे महागड्या फोनबाबत हे जमते. स्वस्त फोन घेणाऱ्यालाच ते का नाकारावे? आपल्या वजनमापे नियमांनी खोक्यावर किंमत, निर्मितीचा महिना आणि तक्रारीचा पत्ता छापायला लावलेच आहे. त्यात दोन ओळी वाढवाव्यात. एक, सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख. दुसरी, जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल या चौघांवर ४जी कॉल, वायफाय कॉल आणि ५जी यांतले आज काय चालते. आणि त्या ओळी ज्या राज्यात फोन विकला जाईल तिथल्या भाषेत असाव्यात.

यावर आक्षेप येईल की सोयी महिन्यागणिक बदलतात, छापणार कशा? बदलणारा भाग क्यूआर कोडमागे ठेवावा. तारीख बदलत नाही, ती छापावी. तोवर ग्राहकाने दुकानात फोन हातात घेऊन सेटिंग्जमधली सुरक्षा पॅचची तारीख पाहावी, आपले सिम त्यात घालून वायफाय कॉलची खूण दिसते का तपासावे, आणि दुकानदार ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ म्हणाला तर ते वाक्य बिलावर लिहून मागावे.