एका रायफलीचे दोन सन

फिन्लंडची 'एम-३९' लष्करी रायफल संग्राहकाच्या हातीं येते; नळीवर सन १९४२ चा ठसा असतो. तेवढ्यावरून तिचें वय ठरविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. फिनिश कारखान्यांनीं नळ्या घडविल्या, दस्ते बसविले. परंतु दट्ट्या ज्यांत सरकतो तो पोलादी सांगाडा जुन्या रशियन मोसिन-नागां बंदुकांचाच घेतला. दस्ता उतरविल्यावर सांगाड्याच्या शेपटीखालीं कधीं झारच्या अमदानींतील १८९७ सारखा सन दिसतो! चौकटींतील 'एसए' हीं फिनिश सैन्याच्या मालकीचीं अक्षरें १९४२ पासूनचीं. चकाकीच्या हौसेनें असले ठसे घासून काढणाऱ्यांस आम्ही संग्राहक म्हणणार नाहीं. १९३९-४० च्या हिवाळी युद्धांत रशियाशीं लढणाऱ्या फिन्नांच्या हातीं बहुतांशीं अशाच रशियन सांगाड्यांच्या बंदुका होत्या.